छताखालचे ऊन

गेल्या वैशाखातील गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात घेऊन आला. “डॉक्टरसाहेब, अशक्तपणा लई आलाय, एक सलाईन लावा,” एवढीच त्याची मागणी होती. आजींचे ओठ सुकलेले, बोलणे असंबद्ध आणि ताप 104 अंशांवर. दोन दिवसांत त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. त्यामुळे हा उष्माघात असेल, अशी शंकाही कुणाला आली नव्हती. अंगावर पाणी शिंपडत, पंख्याचा वारा घालत त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठविले. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या.

पुढे त्यांच्या घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. पत्र्याखाली बऱ्याच वर्षांपूर्वी ग्लासवूलचा थर बसविला होता. पावसाचे पाणी झिरपून तो दबला होता, उंदरांनी जागोजागी कुरतडला होता. वरून छत शाबूत दिसत होते. काम मात्र त्याने केव्हाच सोडले होते. अशा थराची खरी शक्ती त्याच्या तंतूंत अडकलेल्या हवेत असते. तो भिजला वा दबला, की ही हवा जाते आणि उष्णता थेट खाली उतरते. मग खोली म्हणजे उन्हात उभी केलेली बसच.

आपल्या मराठवाड्यातील जुन्या माळवदांत जाड मातीमुळे दुपारीही गारवा असे. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि तेच जड माळवद कोसळून हजारो माणसे दगावली. हलके छत हवेसे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र पत्रा घेतला, तर मातीचे काम करणारा थरही घ्यावा लागतो आणि तो वेळोवेळी तपासावा लागतो.

वृद्धांसाठी हे अधिक महत्त्वाचे का? वयानुसार तहान मंदावते, घाम कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी लवकर घटते. गोळ्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या डॉक्टरांना मात्र अवश्य विचारावे. खोलीचे तापमान 40 अंशांपलीकडे गेले, की नुसता पंखा अंगावर गरम वाराच फेकतो.

थर बदलण्याचे काम होळीपूर्वी उरकावे. त्या काळात घरातील वृद्धांना, विशेषतः दम्याच्या रुग्णांना, नातेवाइकांकडे ठेवावे. प्रथम वीज बंद करून पत्र्याची गळती दुरुस्त करावी, अन्यथा नवा थरही भिजेल. जुना थर काढताना एन-95 मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशक पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कापू, फोडू वा घासू नये. शाबूत असेल तर तसेच ठेवावे.

नवे ग्लासवूल उघडे ठेवू नये, खालून पक्के झाकून घ्यावे. थर्माकोल स्वस्त पडतो, परंतु लवकर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चूल, गॅस वा देवघर असलेल्या खोलीत तो नकोच. एवढा खर्च झेपत नसेल, तर पत्र्यावर बाहेरून पांढरा परावर्तक रंग लावावा. त्यानेही आतील तापमान काही अंशांनी उतरते.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्यावी. उकाड्याच्या दिवसांत वृद्ध व्यक्ती बरळू लागली, झोकांड्या देऊ लागली किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर त्यास अशक्तपणा समजू नये. 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंग ओले करून वारा घालावा. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नये.

त्या आजींच्या मुलाने यंदा माघातच छताचा थर बदलला आणि त्यांच्या खाटेजवळच्या भिंतीवर एक साधा तापमापक टांगला. आपल्याही घरात तो असावा. ऊन बाहेर किती आहे हे बातम्या सांगतात. आजींच्या खोलीत किती आहे, हे आपणच पाहावे लागते.