निम्म्या किमतीची गाडी, पूर्ण किमतीचा खर्च

मोटारींच्या बाजारात सहसा गाडी जितकी महाग, तितकी तिची किंमत झपाट्याने खाली येते. विम्यासाठी मूल्य ठरवताना चार ते पाच वर्षांच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. आलिशान गाड्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष बाजार अनेकदा त्याहूनही निष्ठुर असतो. त्यामुळे सात-आठ वर्षांची, मोठ्या इंजिनाची जर्मन सेडान आज पुण्या-मुंबईत नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या किमतीत मिळू शकते. एरवी जिच्याकडे दुरूनच पाहायचे, ती गाडी अचानक आवाक्यात आल्यासारखी वाटते आणि तीच रोज कार्यालयात न्यावी, असा विचार मनात येतो. हा विचार वेडेपणाचा नाही. मात्र तो करणाऱ्याने दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे गाडीची किंमत निम्म्यावर येते, तिच्या सुट्या भागांची येत नाही. दुसरी म्हणजे गाडीबरोबर तिचा सारा पूर्वेतिहास विकत घ्यावा लागतो आणि तो पाहण्याची सोय आपल्याकडे जवळजवळ नाही.

ही हौस नवी नाही. २०१७ मध्ये स्कोडाने २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली, तेव्हा तिच्या ५०० गाड्या हातोहात संपल्या. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या आणखी २०० आल्या. मार्च २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूने एम-३४० आय ही चेन्नईत जुळणी केलेली गाडी ६२ लाख ९० हजार रुपयांना बाजारात आणली. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ३८७ अश्वशक्ती आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत. तरीही तिला चार दरवाजे आहेत, मागे माणसे बसतात, डिकीत सामान मावते. रोजच्या वापराची वेगवान गाडी म्हणतात ती हीच. अशा मोजक्या मॉडेलांना मागणी असल्याने त्यांची किंमत बऱ्यापैकी टिकते. बाकीच्या आलिशान गाड्यांना हे भाग्य लाभत नाही, आणि स्वस्ताईचा मोह तेथेच अधिक असतो.

गेल्या काही काळात या बाजाराला सरकारी निर्णयांनीही हलवले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची फेररचना झाली. मोठ्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि त्यावर उपकर असा ४५ ते ५० टक्क्यांचा बोजा होता, तो सरसकट ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीलाही खाली उतरावे लागते. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या व्यवहारात नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावरील कर सर्व गाड्यांसाठी १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. हा कर गाडीच्या किमतीवर नसून खरेदी-विक्रीतील फरकावर आहे आणि दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारास तो लागू नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

दुसरा धक्का राजधानीतून आला. दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२५ पासून त्यांना इंधनही नाकारण्याचा प्रयोग झाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच गुंडाळावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये अशा गाड्यांना कारवाईपासून संरक्षण दिले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. या अनिश्चिततेत दिल्लीचा मालक गाडी मुदतीआधीच विकू पाहतो, आणि आपल्याकडच्या ग्राहकाला ‘दिल्लीची गाडी, स्वस्तात’ हे आमिष दिसते. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल, तर तिची नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे आणि येथील कर भरावयास हवा. महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के आणि कंपनीच्या नावावरील गाडीला २० टक्के एकरकमी कर आहे. कराची कमाल मर्यादाही १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. गाडीच्या वयानुसार कर कमी होत असला, तरी वाचलेल्या पैशांचा मोठा भाग येथेच निघून जातो.

आता खर्चाचा विचार करू. वेगवान गाडीचे इंजिन नाजूक असते असे नाही. त्याच्या भोवतीची सारी यंत्रणा महाग असते. रुंद आणि कमी जाडीचे टायर खड्ड्याच्या एका धक्क्याने फुगतात, चाकाची कड वाकते. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असतील, तर त्यांची अदलाबदलही करता येत नाही. ब्रेकच्या डिस्क मोठ्या, म्हणून पॅडही महाग. टर्बोचार्जरभोवतीच्या उष्णतेने रबराच्या नळ्या आणि प्लास्टिकचे जोड काही वर्षांत ठिसूळ होतात. शंभर रुपयांच्या जोडातून कूलंट गळून लाखांचे इंजिन तापते, अशी उदाहरणे कोणताही अनुभवी मेकॅनिक सांगेल. तेलात बुडालेल्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल ठरावीक अंतराने बदलावे लागते. काही गाड्यांत हे अंतर ६० हजार किलोमीटर आहे. पहिल्या मालकाने ते टाळले असेल, तर भुर्दंड पुढच्याला पडतो. हे सारे भाग नव्या गाडीच्या हिशेबानेच विकले जातात. पन्नास लाखांची गाडी वीस लाखांना घेतली, तरी तिची देखभाल पन्नास लाखांच्या गाडीचीच राहते.

इंधनाचेही तसेच. शहरी गर्दीत लिटरला सात किलोमीटर आणि पेट्रोलचा दर १०४ रुपये धरला, तर महिन्याच्या हजार किलोमीटरला सुमारे १५ हजार रुपये लागतात. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या छोट्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सात हजार पुरतात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत आणि मायलेज काहीसे घटते, हे सरकारनेही मान्य केले आहे. तेव्हा त्या विशिष्ट मॉडेलबद्दल उत्पादकाचे म्हणणे काय आहे, हे खरेदीपूर्वी तपासणे इष्ट.

एवढे करून त्या शक्तीचा उपयोग कोठे होणार, हाही प्रश्न आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात ती बरीच कमी होते. तेथे आता कॅमेऱ्यांची नजर असते. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची आहे. ती तर साधी गाडीही गाठते. रोजचा प्रवास हिंजवडीच्या कोंडीत किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या रांगेत. तेथे हे इंजिन तासन् तास रेंगाळते, क्लच तापत राहतो आणि गतिरोधकांवर गाडीचे पोट घासते. मर्यादा झुगारली तर काय होते, हे मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरने पाहिले. तेथे अल्पवयीन चालकाच्या हातातील भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या महागड्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती.

कागदपत्रांबाबतची आपली बेफिकिरी हा खरा चिंतेचा विषय आहे. कलम ५० नुसार एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. प्रत्यक्षात सही केलेले कोरे फॉर्म दलालाकडे सोपवून दोन्ही बाजू निश्चिंत होतात. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, ती अनेक हातांतून फिरलेली होती. कागदोपत्री मालक मात्र जुनाच होता. खरेदीदारही सुरक्षित नसतो. विमा नावावर करून घेतला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई त्याला मागता येत नाही, हे १९९६ च्या कम्प्लीट इन्सुलेशन्स खटल्यापासून ठरलेले आहे. महागड्या गाडीच्या बाबतीत ही चूक लाखांची ठरते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी असेपर्यंत तोच मालक मानला जावा, अशी त्यांत तरतूद आहे. नियम चांगला आहे, परंतु अधिकृत नोंदणीच न घेता धंदा करणाऱ्या दलालापुढे तो निष्प्रभ ठरतो.

शिवाय गाडीच्या प्रकृतीबद्दल हे नियम काहीच सांगत नाहीत. ‘वाहन’ प्रणालीवर नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा कळतो. गाडी किती धावली, कोणत्या अपघातात सापडली, पुरात बुडाली होती का, हे कळत नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील आणि डिसेंबर २०१५ च्या चेन्नईतील पुरानंतर पाण्यात गेलेल्या गाड्यांचे काय झाले, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीतील किलोमीटरचा आकडा कोणालाही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना अंतराच्या नोंदींचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे पीयूसी आणि विम्याचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने होतेच. त्या प्रत्येक वेळी किलोमीटरचा आकडा आणि विम्याचे मोठे दावे ‘वाहन’वर नोंदवून ते खरेदीदाराला खुले केले, तर मीटर मागे फिरवण्याचा उद्योग अवघड होईल. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही.

तोपर्यंत सावधगिरी ग्राहकानेच बाळगायची आहे. सर्व्हिसच्या नोंदी चेसिस क्रमांकावरून उत्पादकाच्या अधिकृत केंद्रात पडताळाव्यात. त्याच मॉडेलचे काम करणाऱ्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून पाहावी आणि स्कॅनर लावावा. अनेक आधुनिक गाड्यांत धावलेल्या अंतराची नोंद एकाहून अधिक नियंत्रकांत असते आणि आकड्यांतील विसंगती तेथे उघडी पडते. गाडीच्या किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी, आणि ती ठेवणे शक्य नसेल तर ती गाडी आपल्यासाठी नाही, असे समजावे. कर्ज काढून घेतलेल्या जुन्या वेगवान गाडीचा हप्ता आणि दुरुस्तीचे बिल एकाच महिन्यात आले, की हौस फिटते आणि गाडी तिसऱ्या हाताकडे जाते. तिच्या पूर्वेतिहासात आणखी एका अपुऱ्या देखभालीची भर पडते आणि तीही कोठे नोंदली जात नाही. हे चक्र थांबवणे एकट्या ग्राहकाच्या हाती नाही. त्यासाठी सरकारने मालकाच्या नावाबरोबर गाडीची प्रकृतीही नोंदवली पाहिजे.