पिशवी, कोयता आणि आपली सभा

गिरणीत पाळी म्हणजे कामाची वेळ. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. बाईच्या अंगाची पाळी वेगळी, तिचं नाव खात्यात कुणी मोठ्यानं घेत नाही. मालकाच्या पाळीला भोंगा आहे, हजेरी आहे, पगार आहे. बाईच्या पाळीला काय आहे? फडक्याची घडी आणि तोंडावर बोट. मी हे त्या दुसऱ्या पाळीबद्दल लिहितेय. ज्यांना शिसारी येते त्यांनी इथंच पान उलटावं. पण मग पुढच्या सभेत 'शोषित' हा शब्द तोंडातून काढू नये.

एका शिबिरात मी हा विषय काढला. ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, यावर ठराव करा म्हटलं. एक भाऊ उठला. चांगला भाषण करणारा, पुस्तकं वाचलेला. म्हणाला, "ताई, विषय महत्त्वाचा आहे, पण तो महिला मेळाव्यात घेऊ." महिला मेळावा म्हणजे ३ जानेवारी नाहीतर ८ मार्च. म्हणजे बाईचं दुखणं वर्षातून दोन दिवस, तेही हारतुरे झाल्यावर वेळ उरला तर. मुख्य सभेत काय? आरक्षण, अत्याचार, राखीव जागा, जमीन. हे सगळं पाहिजेच. पण मी विचारते, दोस्तहो, माणसाच्या पोटातला अवयव कापून मजुरी वसूल होते, हा अत्याचार नाही तर काय आहे? त्याला कुठला कायदा लावता?

आकडे बघा. मी शाळा सहावीत सोडली, म्हणून आकडे जपून वापरते. २०१९ मध्ये बोंब झाली तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक. देशभराच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभराला तीनच्या आसपास होतं. शंभराला तीन देशात, शंभराला सोळा-सतरा आमच्या फडात. ऊस तोडणाऱ्या बाईचं गर्भाशय निसर्गानंच नासकं घडवलं काय?

वर्तमानपत्रवाल्यांनी तेव्हा बिनगर्भाशयाच्या बायकांचं गाव अशा चालीचे मथळे दिले. पांढरपेशांनी चहासोबत वाचलं, हळहळ केली, बिचाऱ्या अडाणी, डॉक्टरांनी फसवलं म्हणाले, आणि चहात साखर घातली. साखर कुठून आली हे त्यांना विचारू नका.

मला ह्या 'बिचाऱ्या अडाणी'चा राग येतो. माझी माय अंगठा उठवते, पण हिशेब तिला कुठल्याही मुनीमापेक्षा पक्का येतो. तो हिशेब असा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम उभा करत नाही. दसऱ्याच्या आधी उचल घ्यायची, मग पाच-सहा महिने ती फेडायची. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा. खाड्याचे पाचशे रुपये कापतात, आणि त्या दिवसाची मजुरीही गेली. पाळीचे चार दिवस कंबर मोडली म्हणून कोपीत पडून राहिली तर महिन्याला दोन हजार, हंगामाला दहा-बारा हजार अंगावर. फडात संडास नाही, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पहाटे अंधारात कोयता हातात, दिवसभर तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर, रात्री गाडी आली की परत भरणी. ह्या हिशेबात पाळी म्हणजे तोटा. मग बाई म्हणते, ही कटकटच नको. ती अडाणी नाही. तिच्यापुढं मांडलेला हिशेबच हरामखोर आहे.

माझ्या मायचं लग्न पंधराव्या वर्षी. तीन पोरं. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी केली, कागद तिच्या हातात दिला नाही. डॉक्टर म्हणाला, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. एवढं एक वाक्य. तपासणीला तुकडा पाठवला नाही, गोळ्यांचा पुरा कोर्स दिला नाही. माय तेव्हा सत्तावीस वर्षांची. पैसे मुकादमानं दिले आणि उचलीत चढवले. टाके निघाले आणि विसाव्या दिवशी ती फडात होती. मोळी उचलताना पोट धरायची. आज तिला उभं राहिलं की घाम फुटतो, अंगाची आग होते, हाडं दुखतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे तिला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्याचा कागदच नाही.

आता वैद्यकीतलं साधं बोलते, कारण हे आपल्या पोरींना कुणी सांगत नाही. पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं हे बऱ्याचदा जंतूंच्या लागणीनं होतं. त्याला औषध आहे, कधीकधी दोघा नवरा-बायकोला घ्यावं लागतं. रक्त जास्त जात असेल तर आधी कारण शोधायचं असतं, गाठ आहे का, पिशवीच्या भिंतीला सूज आहे का, रक्त कमी आहे का. गोळ्या आहेत, कॉपर-टीसारखं बसवायचं संप्रेरकाचं साधन आहे, नुसती गाठ काढता येते. पिशवी काढणं हा बहुतेक वेळा शेवटचा उपाय. कॅन्सरची भीती दाखवणाऱ्याला विचारायचं, तपासणीचा रिपोर्ट कुठं आहे? आणि तरुणपणी अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. पिशवी एकटी काढली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडं येऊ शकतं. आणि मोळी वाहून दुखणारी कंबर पिशवी काढून थांबत नाही.

याचा अर्थ ऑपरेशन म्हणजे पाप असं मी म्हणत नाही. ते म्हणणारेही आपल्यात आहेत. बाईचं बाईपण गेलं, घरात कशाला ठेवायची, असं बोलणारी तोंडं वस्तीत कमी नाहीत. त्यांना सांगते. आमच्या गिरणीत रिंग खात्यात एक मावशी आहे. वय त्रेचाळीस. दहा-दहा दिवस रक्त जायचं, साच्यावर उभी असताना डोळ्यापुढं अंधारी यायची. वर्षभर गोळ्या घेतल्या. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. गोळ्यांनी भागेना तेव्हा तिनं स्वतः ठरवलं, काढायची. अंडाशयं ठेवायची असंही तिनंच विचारून घेतलं. तिच्याकडं ईएसआयचं कार्ड. सुट्टीत मजुरीच्या सुमारे सत्तर टक्के पैसे मिळाले. सहा आठवडे घागर उचलली नाही, नवऱ्यानं पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या. वाकड्या झाल्या, पण थापल्या. सहाव्या आठवड्यात ती चालत बाजाराला गेली. आता म्हणते, वीस वर्षांनी पहिल्यांदा अंगात ताकद वाटते. बाईपण बिईपण काही गेलं नाही तिचं, खात्यात जॉबरशी भांडण काढायला अजून तीच पुढं.

ऑपरेशन तेच. मायचं आणि मावशीचं. फरक चाकूत नाही. एकीला वेळ होता, कागद होता, दुसरं मत होतं, भरपगारी नसली तरी पगाराची सुट्टी होती. दुसरीला मुकादम होता. मावशीनं ठरवलं. मायच्या बाबतीत ठरलं. ह्या दोन क्रियापदांत सगळी जात आणि सगळा वर्ग बसलेला आहे.

कार्ड मावशीला का आणि मायला का नाही? कारण कारखाना म्हणतो ही माझी कामगार नाही, मुकादमाची आहे. मुकादम म्हणतो मी तर नुसता मधला माणूस. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, गाळपाचा आकडा कारखान्याचा, फक्त ऊस तोडणारी बाई कुणाचीच नाही. टोळीत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा आहेत, कोरडवाहू मराठाही आहे. चेअरमनच्या खुर्चीवर यातलं किती कोण बसलंय ते तुम्हीच मोजा.

सरकारनं काय केलं? २०१९ मध्ये बीडला नियम आला, खाजगी दवाखान्यानं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी. २०२२ मध्ये केंद्रानं अनावश्यक ऑपरेशनं रोखायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करा म्हणून सांगितलं. तो खटला बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या बायकांवरून उभा राहिला होता. म्हणजे हे दुखणं एका जिल्ह्याचं नाही. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळही झालं. झालं ते चांगलं झालं. पण डॉक्टरवर कुलूप घातलं आणि खाडा मोकळा सोडला, तर दुखणारी बाई कुठं जाणार? जिला खरंच ऑपरेशन पाहिजे तिनं शिक्क्यासाठी खेटे घालायचे, आणि जिला नको तिच्या पाठीवर हंगाम तसाच. नियम दवाखान्याच्या दारात उभा आहे. रोग फडात आहे.

आता त्या भावाला उत्तर. हा बायकांचा विषय आहे ना? मग बाबासाहेबांनी तो कायदेमंडळात का नेला? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि जो मालक तिच्या कामाचा फायदा घेतो त्यानंही भार उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या असेंब्लीत मांडला. ठराव पडला. पण बाईच्या गर्भाशयाचा प्रश्न भर असेंब्लीत मांडायला त्यांना लाज वाटली नाही. तुम्हाला शिबिरात वाटते. फोटो त्यांचा लावता आणि लाज मनूची पाळता?

तेव्हा ठराव असे करा. पाळी, आजारपण आणि ऑपरेशनचा खाडा बंद. ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार, तिचं नाव वेगळं, मजुरी वेगळी, अर्धा कोयता म्हणून नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे मजुरीसकट विश्रांती, आणि त्याचा पैसा उचलीत चढवायचा नाही. फडावर संडास, पाणी, आडोसा. टोळी निघायच्या आधी आणि परत आल्यावर सरकारी दवाखान्यात तपासणी, रिपोर्टचा कागद बाईच्या हातात.

आणि ठराव करून घरी जाऊ नका. दसऱ्याला टोळ्या निघतात तेव्हा वस्तीत जा. घरोघर वही घेऊन बसा. कितव्या वर्षी पिशवी काढली, कुणी सांगितलं, पैसे कुणी दिले, कितव्या दिवशी कामाला लागली, अंडाशयं ठेवली का काढली. केसपेपर मागा, नसेल तर दवाखान्यात जाऊन मागा, देत नसतील तर दहा जण मिळून मागा. बाई भावांपुढं बोलणार नाही, म्हणून बहिणी सोबत न्या. पण भावांनो, तुम्हीही जा. घागर उचला, भाकरी थापा, ऑपरेशन झालेल्या बाईला सहा आठवडे टेकू द्या. पुस्तकातली क्रांती वाचून झाली असेल तर ही चुलीपुढची करून बघा.

माझ्या मायची पिशवी परत येणार नाही. पण ज्या पोरी ह्या हंगामात पहिल्यांदा कोयता धरतील त्यांच्या पोटाचा हिशेब मुकादमाच्या वहीत लिहिला जाऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. पुढची सभा कधी आहे ते कळवा. विषयपत्रिकेत हा विषय पहिला पाहिजे. नसेल तर मी सभेच्या मधोमध उभी राहून बोलेन, आणि माझ्यामागं माय बसलेली असेल.

जय भीम.