लाटणारीची मजुरी कुठे लिहिली?



धंदा शिकायला कॉलेजातच जावे लागते असे नाही. मंडईच्या दारात बसणाऱ्या भाजीवालीकडे दहा मिनिटे नीट पाहा. किलोभर टोमॅटो घेणारे येतात, तसे चारच टोमॅटो हवे असणारेही येतात. म्हणून ती छोटे छोटे वाटे लावते. शाम्पूच्या कंपन्यांनी पुड्या काढल्या त्यामागेही हीच अक्कल आहे. वर ती मूठभर कोथिंबीर फुकट देते, पण ती आधीच भावात बसवलेली असते. टेम्पोचे भाडे, संध्याकाळपर्यंत सुकणारी मेथी आणि तिचा स्वतःचा रोजही त्याच भावात असतो.

आपल्या घरगुती धंद्यात नेमका हा शेवटचा आकडा राहून जातो. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हिशेब दिसला की बेरीज करायची सवय. समजा, एका बहिणीने दोन किलो खाकरे केले. पीठ, तेल, मसाला, गॅस, पिशव्या मिळून २६० रुपये लागले. विकले ४०० ला. ती आनंदाने सांगते, १४० रुपये नफा! पण मळण्यापासून पिशव्या भरेपर्यंत पाच तास गेले, म्हणजे तासाला २८ रुपये. आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई या दराने येतील का?

यावर ठरलेले उत्तर मिळते, ‘वेळ काय, तसाही जातोच. मला कुठे त्यावर घर चालवायचे आहे?’ माझा आक्षेप इथेच आहे. तुम्हाला चालवायचे नसेल, पण त्याच गल्लीत एखादीचे घर खाकऱ्यांवरच चालते. मुलांची फी, घरभाडे त्यातूनच जाते. आपण हौसेने भाव पाडला की गिऱ्हाईक तिला म्हणते, ‘पलीकडच्या काकू तर स्वस्त देतात.’ हौस आपली होते आणि तिच्या घरचे दूध कमी होते. साधर्मिक भक्ती म्हणून आपण वर्षातून एकदा मदत देतो. मग वर्षभर तिचे गिऱ्हाईक तोडायचे, हे कसे?

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे पद्मश्री मिळाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. मग छगनबापांच्या सल्ल्याने एकच प्रत ठेवली, तीही उत्तम. देणगी मागायची नाही हेही ठरवले. आणि मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे तिथे लाटणारीला लाटण्याची मजुरी मिळते. घरी बसून लाटले तरी ते काम आहे, हे त्या संस्थेने हिशेबात धरले.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजन-माप आणि भेसळ दोन्ही येतात. आपल्या बहिणी त्याबाबत फार जपून असतात, किलोला दोन खाकरे जास्तच घालतात. पण ज्या भावात मेहनतच धरलेली नाही, तो भावही मला खरा वाटत नाही.

दिवाळीच्या ऑर्डरी घेण्याआधी एक वही करा. सामान, गॅस, पिशव्या, रिक्षा आणि पाचव्या रकान्यात स्वतःचे तास. तासाचा दर आपल्या भागात पोळ्यांच्या ताईंना मिळतो तेवढा तरी धरा. भाव वाढला तर काही गिऱ्हाइके जातील, पण चव आणि शुद्धता एकसारखी ठेवलीत तर बरीचशी टिकतील. आणि कोणाला फुकट द्यावेसे वाटले, तर खुशाल द्या. फक्त ते वहीत ‘भेट’ म्हणून लिहा, विक्रीत नको.