विकतचा अनुभव

अनुभव ही बाजारात विकत मिळणारी वस्तू आहे काय? कोल्हापुरातील सुजाण पालकांनी हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिप अनिवार्य केली. हेतू स्तुत्य होता. पुस्तकी ज्ञानाला प्रत्यक्ष कामाची जोड मिळावी, हीच त्यामागील दृष्टी. परंतु सक्ती आली की तिच्या पाठोपाठ दलालही येतात. आज संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे जाहिरात येते ती अशी : अमुक हजार रुपये भरा, चार आठवडे घरबसल्या चित्रफिती पाहा, तयार प्रकल्पावर स्वतःचे नाव घाला आणि प्रमाणपत्र घ्या. महाविद्यालयाची नोंद पूर्ण होते, संस्थेचा गल्ला भरतो. विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते? एक रंगीत कागद!

ज्या नगरीत हे घडते, तिचा इतिहास काय सांगतो? विद्यार्थ्याकडे पैसा नाही म्हणून त्याची विद्या अडू नये, यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहे उभी केली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. येथील उद्यमनगरात मिस्त्रीच्या हाताखाली लेथ चालविण्यास शिकणारा पोरगा कौशल्याबरोबर थोडीफार मजुरीही घरी नेत असे. काम शिकणाऱ्यानेच मालकाला पैसे मोजावेत, ही कल्पना त्या मिस्त्रीला हास्यास्पद वाटली असती.

कायद्याचीही दिशा तीच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात उमेदवाराला विद्यावेतन देणे हे मालकाचे कर्तव्य मानले आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. २०२४ मध्ये राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविले. शासन विद्यावेतन देते आणि दलाल शुल्क घेतो, ही विसंगती कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही?

छोटे उद्योजक म्हणतात, नवख्याला शिकविण्यात आमच्या जाणत्या माणसाचा वेळ जातो. म्हणणे खोटे नाही. पण अधिनियमाखालील पदवीधर उमेदवाराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. त्या वाटेने किती जण जातात? आणि ज्याला शिकविण्यास वेळच नाही, त्याने प्रमाणपत्र तरी का वाटावे?

आता तर यंत्रच संगणकाची आज्ञावली लिहू लागले आहे. अशा काळात तयार उत्तर उतरविणाऱ्याला किंमत उरणार नाही. ग्राहकाची अडचण समजून घेणे, दुसऱ्याच्या आज्ञावलीतील चूक शोधणे, आपल्या चुकीची जबाबदारी घेणे, हे गुण जाणत्याच्या शेजारी बसूनच अंगी बाणतात. गुरुकुल ते उद्यमनगर, आपली परंपरा हेच सांगत आली आहे.

उपाय अवघड नाही. शुल्क घेणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र महाविद्यालयांनी ग्राह्य धरू नये. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत साठ्याच्या, उत्पादनाच्या, हिशेबाच्या शेकडो अडचणी संगणकाची वाट पाहत आहेत. त्या विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात. आणि पालकांनी? पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : माझ्या मुलाचे काम रोज तपासणार कोण? उत्तरादाखल एका माणसाचे नाव मिळाले नाही, तर तेथून खुशाल परत फिरावे. कागदावर घडलेल्या अभियंत्यांच्या बळावर कोणतेही राष्ट्र उभे राहत नसते.