हिरवी स्मूदी : एक ग्लास तुमचाही

'स्मूदी' हा शब्द मोबाइलवरून आपल्या स्वयंपाकघरात आला. व्हिडिओत केलची पाने, अ‍ॅव्होकॅडो, बदामाचे दूध असे काय काय दाखवतात. ते पाहून अचलपूर-परतवाड्यातल्या बहिणीला वाटते, हे श्रीमंतांचे काम. पण स्मूदी म्हणजे दुसरे काही नाही. पालेभाजी आणि फळ एकत्र बारीक वाटायचे आणि न गाळता प्यायचे. पालक, पुदिना, सांबार, संत्री, जांब, केळी हे सगळे आपल्या बाजारात मिळते.

हिरव्या पेयाची गरज घरात सर्वांत जास्त कोणाला आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. जिना चढताना दम लागणे, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येणे, सतत थकवा ही त्याची लक्षणे असू शकतात. आपण ती 'कामाचा शीण' म्हणून सोडून देतो.

पालेभाजीत लोह असते, पण शरीर त्यातले थोडेच घेते. सोबत 'क' जीवनसत्त्व मिळाले तर ते जास्त घेते. म्हणून पालकासोबत संत्रे, जांब, आवळा किंवा लिंबू हवेच. जांबात तर संत्र्याच्या तिप्पट-चौपट 'क' जीवनसत्त्व असते. याउलट चहा लोहाला अडवतो आणि दुधातले कॅल्शियमही. म्हणून ही स्मूदी दुधात न करता पाण्यात करा आणि चहा तासभर आधी किंवा नंतर घ्या.

पालक-संत्रा स्मूदी (दोन ग्लास)

साहित्य : निवडलेला पालक दोन मुठी (साधारण 50 ग्रॅम), 2 संत्री, 1 पिकलेले केळे, आल्याचा छोटा तुकडा, अर्धा ग्लास पिण्याचे पाणी.

कृती : पालक मोठ्या भांड्यात बुडवून तीन पाण्यांनी धुवा. प्रत्येक वेळी पाने वर उचलून घ्या, म्हणजे माती खाली राहते. उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवून लगेच थंड पाण्यात टाका आणि उकळलेले पाणी फेकून द्या. त्याने पालकातले ऑक्झॅलेट कमी होते आणि जंतूही मरतात. संत्र्यांच्या बिया काढा, नाहीतर कडवटपणा येतो. आधी पालक, आले आणि पाणी एकजीव वाटा, मग फळे टाकून पुन्हा फिरवा. गाळू नका, कारण गाळले की चोथा जातो आणि पोट साफ ठेवणारा तंतू त्यातच असतो. साखरही नको, केळ्याची गोडी पुरते. केल्याबरोबर प्या.

जांब-पुदिना स्मूदी (दोन ग्लास)

साहित्य : 2 पिकलेले जांब, पुदिन्याची मूठभर पाने, थोडा सांबार, अर्धे लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, एक ग्लास पाणी.

कृती : पुदिना आणि सांबार वरीलप्रमाणेच तीन पाण्यांनी धुवा. जांबाचा बियांचा भाग चमच्याने काढा. बाकी सगळे एकत्र वाटून लिंबू पिळा. मीठ घालायचे तर नावापुरते घाला. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या गावांत पाणीच खारट असते, तिथे मीठ नकोच.

ऋतू पाहून

आपल्याकडे अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. सध्या काही वर्षे रमजानही त्याच सुमारास येतो आहे. इफ्तारला खजूर आणि पाणी झाल्यावर रंगीत, साखरेच्या शरबताऐवजी हा छोटा ग्लास ठेवा. भजी खाल्ल्यावर लागणारी तहानही त्याने भागते. उन्हाळ्यात संत्री संपली की कैरी, काकडी आणि पुदिना घ्या. पावसाळ्यात पालेभाज्या चिखलाने माखलेल्या येतात, तेव्हा कच्च्या पाल्याची स्मूदी टाळून भाजी शिजवूनच खा. चवळाई आणि शेवग्याची कोवळी पाने वापरायची तर तीही उकडून. अळूची, म्हणजे आपल्या धोप्याची पाने मात्र कच्ची कधीच वाटू नका, घशाला खाज सुटते.

कोणी जपून घ्यावे

मुतखडा झालेल्यांनी पालक टाळावा आणि पुदिना-सांबार वापरावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पेये सुरू करू नयेत. मधुमेह असेल तर केळे वगळा, एकच फळ घ्या आणि ग्लास लहान ठेवा. गरोदर बहिणींनी उकळत्या पाण्यातून काढलेलाच पाला वापरावा.

एक हिशेब स्पष्ट सांगायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह हवे. 50 ग्रॅम पालकातून मिळते जेमतेम दीड मिलिग्रॅम. म्हणजे स्मूदी हे औषध नव्हे. ज्वारीची भाकर, डाळ, तीळ, मटण, अंडी यांच्या जोडीला ती चांगली. हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी असेल (गरोदरपणात 11 पेक्षा कमी), तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि गोळ्याही तिथे मोफत मिळतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा-दुधासोबत नको.

आणि शेवटची गोष्ट वाटणीची. घरात काही चांगले झाले की आधी सासरे, मग मुले, मग नवरा, आणि भांड्याला चिकटलेले आपल्या वाट्याला, अशी आपली सवय. ज्या घरात दोन ग्लास होतात, तिथे एक ग्लास घरातल्या सुनेचा किंवा वयात आलेल्या मुलीचा ठरवून टाका. तो आधी भरून बाजूला ठेवा आणि मग बाकीच्यांना वाढा. सासूबाईंनीच हा नियम घातला तर आणखी चांगले, कारण मग तो मोडायची कोणाची हिंमत होणार नाही.