आकडा मोठ्याने विचारू नका!



ग्रामपंचायतीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत आल्या आहेत. एकाची चूक झाली तर दुसऱ्याने ती अडवावी, हा त्यामागचा हेतू. मोबाईलवर येणारा ओटीपी ही तशीच दुसरी सही आहे. पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर चोराच्या हाती लागला, तरी तुमच्या मोबाईलवरच्या आकड्याशिवाय त्याचे काम अडते. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने २००९ पासून कार्डाने ऑनलाईन पैसे देताना ही दुसरी खात्री सक्तीची केली.

पण कुलूप लावून किल्ली कोयंड्यालाच अडकवली तर? आपल्याकडे नेमके हेच चालले आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. कापडे परिसरातल्या एका शिबिरात पीएम किसानची ई-केवायसी करताना मीच टेबलामागून ओरडत होतो, "आजी, आकडा आला का? वाचा बघू मोठ्याने!" मागे ही रांग. काम झाले, पण त्या दिवशी आजी काय शिकल्या? साहेबाने विचारले की आकडा सांगायचा. उद्या फोनवर कोणी "बँकेतून साहेब बोलतोय" म्हणाला, तर आजी सांगणारच. मग त्यांना अडाणी म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

दुसरी गोष्ट. आपली कर्ती मंडळी मुंबई-सुरतेला. आईच्या आधारला नंबर मुलाचा. आकडा तिकडे येतो, तो फोनवरून सांगतो, आई तो केंद्रवाल्याला सांगते. एक आकडा तीन तोंडी! आधार केंद्रावर जाऊन आईच्या हातात असतो तोच नंबर जोडून घ्या. नाहीतर बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने ई-केवायसी होते, ती करा.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावाने एपीके फाईल आली तर हात लावू नका. ती मोबाईलमध्ये बसली की तुमचे मेसेज चोर वाचतो, मग आकडा सांगायचीही गरज उरत नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही पक्के ध्यानात ठेवा. फसलात तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे आकडा तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे एकेक तास मोलाचा.

आता गावच्या कारभाऱ्यांना विनंती. पंचायतीचे ऑनलाईन पैसे काढायलाही सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या दोन वेगळ्या डिजिटल सह्या लागतात. दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या एकाच खणात पडून असतील, तर त्या दोन सह्या कसल्या? ती एकच सही झाली, आणि तीही तिसऱ्याची. आपापले डोंगल आपापल्या खिशात ठेवा.

आणि शिबिरात मोबाईल शेतकऱ्याच्याच हाती राहू द्या. आकडा त्यानेच टाकावा. जमत नसेल तर घरचे माणूस सोबत घ्यावे. रांग लांबेल, मान्य. पण दोन हजारांच्या हप्त्यासाठी शिकवलेली सवय उद्या भाताचे सगळे पैसे घेऊन जाईल. मी तरी यापुढे आकडा विचारणार नाही. कोणी विचारलाच, अगदी मी विचारला तरी, सांगू नका!