सेवेवर व्याज नको

अमेरिकेंतील ख्रिस्ती मंडळ्यांची तरुण मुलें सुटीच्या दिवसांत आठ-पंधरा दिवसांकरितां मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती अशा देशांत जातात. अडल्यानडल्यांचीं घरें बांधतात, शाळेच्या भिंती रंगवितात, औषधें वांटतात आणि परत फिरतात. कोणी यास पुण्य म्हणतो, कोणी धर्मांतराचें जाळें म्हणतो. आम्हां शेतकरी-कारागिरांस हा वाद नवा नाहीं. अमेरिकन मिशन १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास आलें. तेव्हांपासून मिशनरी आमच्या दारीं उभा आहे.

प्रथम जें खरें तें सांगूं. आमच्या पोरानें पाटी हातीं घेतली कीं धर्म बुडाला म्हणून भटजी ओरडत होते, त्या काळांत मिशनच्या शाळेचें दार उघडें होतें. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. नगरास मिस फरार बाईंची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून शेकडों निराधार मुली आणून त्यांना आसरा दिला. डॉ. वानलेस १८८९ सालीं या देशांत आले, १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस इस्पितळ उघडलें आणि १८२८ नव्हे, थेट १९२८ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, ते येथेंच राबले. हे उपकार नाकारणें हा कृतघ्नपणा होय.

दुष्काळांत बाप्तिस्मा घेणारांस 'पोटाचे ख्रिस्ती' म्हणून हिणविणारे पुष्कळ होते. आम्ही त्यांना विचारतों, बाबांनो, तो उपाशी होता तेव्हां तुमच्या कणगींतलें पायलीभर धान्य त्याच्या घरीं गेलें काय? तुमच्या विहिरीवर त्याला घोटभर पाणी मिळालें काय? ज्यानें दिलें नाहीं त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार नाहीं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. बियाणें देऊन शेत लिहून घेणारा सावकार आणि भाकरी देऊन श्रद्धा लिहून घेणारा धर्मोपदेशक, यांत आम्हांस फरक दिसत नाहीं. मनुष्यानें आपल्या बुद्धीनें वाटेल तो धर्म घ्यावा. तो त्याचा हक्क आहे. परंतु पोट जळत असतां घेतलेला होकार हा होकार नव्हे. जोतीरावांनीं मिशनऱ्यांकडून विद्या घेतली, पण मन गहाण टाकलें नाहीं. त्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. १८७७ च्या दुष्काळांत याच समाजानें धनकवडीस उपाशी मुलांकरितां बालाश्रम चालविला. सावित्रीबाई १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां गेल्या. त्यांनीं त्या सेवेचें व्याज कोणाकडून मागितलें नाहीं.

आतां आठ दिवसांच्या सेवेविषयीं. त्या मुलांचें मन चांगलें असेल. आम्ही शंका घेत नाहीं. पण ज्या गांवीं गवंडी व रंगारी कामावांचून बसले आहेत, तेथें परक्यानें येऊन भिंत रंगवावी, यांत गरिबाची मजुरी बुडते. प्रवासाला लागलेल्या पैशांत त्याच गवंड्याला कित्येक दिवस काम मिळालें असतें. वानलेस राहिले म्हणून उपयोगी पडले.

हीच फूटपट्टी आतां स्वतःस लावूं. कर्जानें गांजून एखाद्या शेतकऱ्यानें जीव दिला, कीं पुढारी मोटारींतून येतात, फोटो काढतात आणि धुरळा उडवीत जातात. ही तर आठ घटकांची सेवा! आणि आम्ही गांवकरी काय करतों? तेराव्याला पंगत घालावयास लावतों, म्हणजे त्या विधवेच्या डोक्यावर आणखी कर्ज चढवितों.

बंधुभगिनींनो, आमच्या बापजाद्यांनीं इर्जिक म्हणून एक चाल ठेवली होती. ज्याचें काम अडलें त्याच्या शेतांत सारा गांव नांगर घेऊन जाई. ती पुन्हां उभी करा. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला, त्या घरची पेरणी वाफसा येतांच आधीं करा, मग आपली. सुतारानें तिची पाभर नीट करावी, लोहारानें फाळ शेवटून द्यावा, शिकलेल्या पोरानें तिच्यासाठीं कचेरींत अर्ज घेऊन जावें. तेराव्याचा खर्च वांचवून तिच्या मुलीची फी भरा. ती कोणत्या जातीची, कोणत्या देवाची, हें विचारूं नका.

असें झालें तर सातासमुद्रापलीकडून कोणी येवो वा न येवो, आमचें घर कोसळणार नाहीं. कोणी आलाच तर त्याला ओटीवर बसवूं, भाकरी देऊं, आणि त्याच्या बरोबरीनें काम करूं.